ड्रममधल्या मिश्रणाचे नाव

यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारणीचे काम धुऱ्यावर ठेवलेल्या ड्रमपाशी सुरू होते. विहिरीचे नाहीतर नाल्याचे पाणी ड्रममध्ये ओतले जाते, त्यात एका बाटलीतले कीटकनाशक झाकणाने मोजून पडते, पुष्कळदा त्याच पाण्यात दुसरे कीटकनाशक आणि वाढीचे टॉनिकही मिसळले जाते, आणि काडीने ढवळलेले हे द्रावण पंधरा-सोळा लिटरच्या पंपात भरून पाठीवर चढते. गावात या सगळ्याला एकच शब्द आहे, ‘औषध’, आणि ते फवारले जात नाही, ‘मारले’ जाते. बाटलीवर रसायनाचे नाव बारीक अक्षरात छापलेले असते, विषारीपणाची पातळी सांगणारा रंगीत त्रिकोणही असतो (लाल सर्वांत घातक, हिरवा सर्वांत सौम्य); पण बाटली धुऱ्यावर राहते, आणि पंप उचलणाऱ्या रोजाच्या मजुराच्या वाट्याला येते ते निनावी पाणी. देशोदेशींचे रसायनविषयक करार मात्र रसायनाच्या नावावरच चालतात.

२०१७च्या खरिपात या विसंगतीची किंमत जिल्ह्याने मोजली. बीटी कपाशीला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी वाढली, फवारण्यांची संख्या वाढली, आणि डोक्याएवढ्या उंच, दाट पऱ्हाटीत शिरलेल्या माणसाच्या नाकातोंडाशीच तुषार उडू लागले; दमट उकाड्यात कातडीवरून द्रावण आत जाण्यास घामाने मदतच केली. काही आठवड्यांत जिल्ह्यात सुमारे ८०० जणांवर उपचार करावे लागले आणि २०हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर बंदी घातली, पण ती फक्त ६० दिवसांची होती, कारण १९६८च्या कीटकनाशक कायद्याने राज्याला फक्त तात्पुरत्या बंदीचा अधिकार दिलेला आहे. कायमचा निर्णय घेण्याचा अधिकार केंद्राकडे आहे.

बंदी घातलेल्या त्या पाचांत डायफेन्थियुरॉन होते. या रसायनावर आधारित ‘पोलो’ हे उत्पादन सिंजेंटा या कंपनीचे असून तिचे मुख्यालय स्वित्झर्लंडमधील बासेल येथे आहे. युरोपीय संघात या रसायनाला २००२पासून आणि खुद्द स्वित्झर्लंडमध्ये २००९पासून परवानगी नव्हती. निर्यातीला मात्र मज्जाव नव्हता. अशाच व्यापारासाठी १९९८मध्ये रॉटरडॅम करार झाला, २००४मध्ये तो अमलात आला आणि पुढच्याच वर्षी भारत त्यात सामील झाला. ‘पूर्वसूचित संमती’ हे त्याचे सूत्र आहे : घातक ठरलेले रसायन पाठवण्यापूर्वी घेणाऱ्या देशाला त्याची माहिती द्यायची आणि नकार देण्याची संधी द्यायची. हा करार बंदी घालत नाही. एखादे रसायन त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात गेले, तर प्रत्येक देशाला आयातीबाबत आपली भूमिका जाहीर करावी लागते. परिशिष्टाबाहेरच्या रसायनावर निर्यातदार देशाने आपल्याकडे बंदी घातली असेल, तर त्याने आयातदार देशाला निर्यातीची सूचना पाठवायची असते. ती सूचना सरकारकडून सरकारकडे जाते. दिल्लीहून यवतमाळच्या कृषी केंद्राच्या काउंटरपर्यंत ती पोहोचवण्याचे कलम करारात शोधूनही सापडत नाही.

सप्टेंबर २०२०मध्ये मार्ग उलटा झाला आणि यवतमाळची कागदपत्रे बासेलला पोहोचली. दोन विधवा आणि विषबाधेतून वाचलेला एक शेतकरी यांनी तेथील दिवाणी न्यायव्यवस्थेकडे भरपाईची मागणी केली, तर ५१ बाधितांच्या वतीने ‘ओईसीडी’ या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या स्वित्झर्लंडमधील राष्ट्रीय संपर्क केंद्राकडे तक्रार गेली; हे केंद्र न्यायालय नसून बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या वर्तनाबाबत मध्यस्थी करते, आणि या मध्यस्थीतून समझोता निघाला नाही. तक्रारीमागील ‘पब्लिक आय’ व अन्य संस्थांच्या म्हणण्यानुसार पोलीस दप्तरातील ९६ विषबाधांचा संबंध पोलोशी होता, तर आपल्या उत्पादनामुळे हे घडल्याचा पुरावा नाही, ही कंपनीची भूमिका राहिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्विस सरकारने डायफेन्थियुरॉनसह पाच कीटकनाशकांची निर्यात १ जानेवारी २०२१पासून बंद करण्याचा निर्णय घेतला. रॉटरडॅमच्या यंत्रणेला जे जमले नाही ते एका देशाच्या साध्या अध्यादेशाने झाले, हे नमूद करण्याजोगे आहे.

वाद पुराव्यावर अडतो तो रुग्णालयाच्या खाटेपाशी. फवारणीच्या विषबाधेत डॉक्टरांना परिचित असते ती ऑरगॅनोफॉस्फरस गटाची लक्षणे, म्हणजे लाळ, घाम, आकसलेल्या बाहुल्या. त्यावर अॅट्रोपिन देतात आणि रक्तातील कोलिनेस्टरेज या विकराची पातळी तपासतात. डायफेन्थियुरॉन या गटातले नाही. ते पेशींच्या ऊर्जानिर्मितीवर आघात करणारे थायोयुरिया वर्गातील रसायन आहे, त्यावर विशिष्ट उतारा नाही, आणि कोलिनेस्टरेजची तपासणी त्याचा माग देत नाही. नातेवाइकांनी बाटली आणली नसेल, तर केसपेपरवर ‘अज्ञात विष’ एवढेच उमटते, आणि पुढे कोणत्याही देशाच्या वकिलाला त्या दोन शब्दांवरच काम भागवावे लागते.

वास्तविक रॉटरडॅम कराराच्या सहाव्या कलमात अशाच शेतांसाठी एक वाट ठेवलेली आहे. प्रत्यक्ष वापरात माणसांना बाधलेल्या ‘अत्यंत घातक कीटकनाशक मिश्रणा’चा प्रस्ताव एकटा विकसनशील देशही पाठवू शकतो, एरवी लागतात तशा जगाच्या दोन निरनिराळ्या विभागांतील बंदीच्या अधिसूचना त्याला लागत नाहीत. आफ्रिकेतील चाड या देशाने फेन्थिऑनच्या एका मिश्रणाबाबत हेच केले. निर्णय सर्वसहमतीने घ्यायचा असल्याने तो प्रस्ताव परिषदेमागून परिषद अडत राहिला आणि अखेर २०२५मध्ये मंजूर झाला. अशा प्रस्तावात मिश्रणाचे नाव, त्यातील क्रियाशील घटक, त्यांचे प्रमाण, व्यापारी नाव, उत्पादक, आणि घटना कशी घडली याचे वर्णन, अशा क्रमाने माहिती भरायची असते. घटनेचे वर्णन यवतमाळमधील कोणताही मजूर तपशीलवार देईल. वरच्या रकान्यांसाठी त्याला धुऱ्यावर परत जावे लागते, आणि तिथे एकाच ड्रममध्ये रिकाम्या झालेल्या तीन बाटल्या पडलेल्या असतात.