चाकांवरचा पाण्याचा संसार

ज्या गावाने वर्षानुवर्षे नळाला पाणी येण्याचा दिवस कॅलेंडरावर खूण करून ठेवला, त्या गावात पाण्याचा झोत मारून लोकांच्या फरशा, भिंती आणि यंत्रे धुऊन देण्याचा फिरता धंदा काढायचा, हे ऐकून कोणालाही आधी हसूच येईल. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचे औरंगाबाद, हे तसे गाव. पैठणचे जायकवाडी धरण इथून पन्नासएक किलोमीटरवर. त्याची कोनशिला १९६५ साली लालबहादुर शास्त्रींनी बसवली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. एवढा सागर उशाशी असूनही इथल्या घराघरांत पिंपे, हौद आणि गच्चीवरच्या काळ्या टाक्या यांचा संसार माणसांच्या संसाराइतकाच मोठा आहे.

पण याच गावाला चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा अशा औद्योगिक वसाहतींनी वेढले आहे. तिथल्या शेडमध्ये तेलाने काळ्या पडलेल्या फरशा आहेत, ग्रीसने माखलेली यंत्रे आहेत. दिवाळी जवळ आली, की शहरातल्या सोसायट्यांना जिने, पार्किंग आणि वर्षभर न पाहिलेल्या भिंती आठवतात. काम आहे, करणारा दारात यायला हवा. माझ्या पुतण्याने हे हेरले आणि बँकेचे कर्ज काढून एक जुना बंद बॉडीचा टेम्पो घेतला. माझी नोकरी कारखान्याच्या देखभाल खात्यात गेलेली, तेव्हा तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, गाडी दारात उभी आहे. आतून भरायची तेवढी राहिली."

त्या भरण्यात आमचे दोन महिने गेले. त्यातून मला जे कळले ते एका वाक्यात सांगायचे, तर असे: लोक समजतात ही पंपाची गाडी आहे; खरे पाहता ती पाण्याची गाडी आहे. पंप बाजारात विकत मिळतो. पाणी उचलावे कसे, आवरावे कसे, वाचवावे कसे आणि वापरून झाल्यावर न्यावे कुठे, हे मात्र ज्याचे त्याला जमवावे लागते.

आधी वजनकाटा

पुतण्याने गाडीत शिरून टेपने माप घेतले आणि आनंदाने सांगितले, "काका, दोन हजार लिटरची टाकी आरामात बसते."

मी म्हटले, "टाकी बसेल रे, पण गाडी उठायची नाही!"

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. हा हिशेब शाळेत सर्वांनी केलेला असतो आणि गाडी भरताना सर्वजण विसरतात. गाडी रिकामी किती वजनाची आणि भरून किती वजनाची चालेल, हे दोन्ही आकडे नोंदणीच्या कागदावर असतात. आमच्या गाडीत फरक निघाला दोन टनांचा. मग कागद घेऊन मांडणी केली. पाणी १००० किलो, टाक्या आणि त्यांचे लोखंडी बैठे १८०, पंप, इंजिन आणि त्यांची चौकट १३०, नळ्या व त्यांचे रीळ ८०, साबण, हत्यारे आणि बाकीचे सामान १२०, आणि माणसे तीन, म्हणजे आणखी २००. बेरीज १७१०. उरले २९० किलो, आणि ते उरलेलेच बरे. खड्ड्यांच्या रस्त्यावर पाटे आणि ब्रेक यांनाही थोडा श्वास लागतो.

पाण्याची दुसरी खोड म्हणजे ते स्वस्थ बसत नाही. धान्याचे पोते ठेवाल तिथे राहते. पाणी मात्र ब्रेक दाबला की पुढे धावते आणि वळण आले की बाहेरच्या बाजूला चढते. दौलताबादचा घाट उतरताना अर्धी भरलेली मोठी टाकी गाडीला जो धक्का देते, तो पूर्ण भरलेली टाकी देत नाही. कारण अर्ध्या टाकीत पाण्याला हुंदडायला जागा असते. म्हणून टँकरच्या पोटात भोके पाडलेले आडवे पडदे बसवतात. आम्ही एका मोठ्या टाकीऐवजी पाचशे लिटरच्या दोन घेतल्या आणि नियम केला, की एक पुरती रिकामी झाल्याखेरीज दुसरीला हात लावायचा नाही. दोन्ही गाडीच्या मध्यरेषेवर, मागच्या आसाच्या पुढे आणि होईल तितक्या खाली. बैठे फळीत नव्हे, तर फळीखालच्या चासीच्या आडव्या चॅनेलला नट-बोल्टने आवळले. फळी उखडते, चासी उखडत नाही.

इथेच एक सरकारी गोष्टही सांगून टाकतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम म्हणते, की नोंदणीत लिहिलेले गाडीचे रूप मालकाने मन मानेल तसे बदलायचे नाही. तेव्हा वेल्डरला बोलावण्याआधी आरटीओत जाऊन विचारावे. नंतर एमएच-२० ची पाटी लावून चौकात उभे राहून वाद घालण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

दाबाचे गणित

आता पंपाकडे वळू. उच्च दाबाने धुण्याची ही कला फार जुनी नाही. जर्मनीतील आल्फ्रेड कार्शर यांनी १९५० साली गरम पाण्याचे दाबयंत्र तयार केले आणि युरोपात या यंत्राची वाट मोकळी झाली. पण दाबाचे मूळ तत्त्व आमच्या गावाला शिकवायला कोणी जर्मन यायला नको. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने नहरीने खडकीला पाणी आणले. खाम नदीच्या काठच्या पाणचक्कीत डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून येऊन उंचावरून पडते आणि त्या जोरावर जाते फिरत असे. उंची हाच दाब. दहा मीटर उंच पाण्याचा खांब तळाशी साधारण एक बार दाब देतो.

आमचा पंप दीडशे बारचा. म्हणजे दीड हजार मीटर उंचीचा उभा खांब. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १६४६ मीटरचे. तेव्हा जवळजवळ एक कळसूबाई आम्ही टेम्पोत कोंडली आहे, असे म्हणायला हरकत नाही! एवढ्या दाबाने बारीक छिद्रातून निघणारे पाणी तोंडाशी तासाला सहाशे किलोमीटरच्या वेगाने सुटते. चाप दाबणाऱ्याच्या हाताला चार-साडेचार किलोचा उलटा रेटा बसतो. दिवसभर तो सोसायचा, तर दोन माणसांनी आळीपाळीने काम करणे भाग आहे.

पंपाच्या पोटात चिनीमातीच्या जातीचे तीन दट्टे असतात. मिनिटाला पंधरा लिटर पाणी दीडशे बारने फेकायचे, तर निव्वळ पाण्यालाच पाच अश्वशक्ती लागते. पंपातली घट आणि इंजिनाचा दमखम धरला, तर त्याच्या दुप्पट ताकदीचे इंजिन हवे. पंपाचा जीव मात्र दाबापायी सहसा जात नाही. तो जातो तहानेने. टाकीपासून पंपापर्यंतची नळी अरुंद असली, किंवा गाळणीत कचरा अडकला, की पंप पाण्याऐवजी बुडबुडे ओढतो आणि आतून खडबडतो. म्हणून ती नळी रुंद, आखूड आणि सरळ ठेवावी आणि टाकीचा तळ पंपाच्या वर असावा. चाप सोडला, की पाणी उलटे वळवणारी झडप असते. ते वळवलेले पाणी पंपातच फिरत राहिले तर तापते. ते टाकीत परत सोडले, तर थंडही राहते आणि वायाही जात नाही.

बंद खोलीतला धूर

बंद बॉडीचा फायदा असा, की सामान उन्हापावसापासून आणि चोरांपासून सुरक्षित राहते. तोटा जिवावरचा आहे. पेट्रोलच्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. बंद जागेत तो माणसाला गुंगी आणतो आणि आवाज न करता मारतो. आम्ही इंजिन मागच्या दाराला लागून बसवले, धुराचा नळ बॉडीच्या बाहेर काढला, आणि दारे उघडून आकड्याला अडकवल्याखेरीज इंजिन सुरू करायचे नाही, असा दंडक घातला. पाऊस आला म्हणून दार लोटून घेणे नाही. पेट्रोलचा डबा इंजिनाशेजारी नाही, आणि गरम इंजिनात पेट्रोल ओतणे तर मुळीच नाही.

दुसरा दंडक झोतासंबंधी. जवळून बसलेला झोत कातडी फोडून आत शिरतो. वरून जखम टाचणीएवढी दिसते आणि आत पाणी व घाण मांसात दूरवर गेलेली असते. हळद लावून बसायची ही जखम नव्हे. ताबडतोब इस्पितळ गाठायचे आणि काय लागले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगायचे. गमबूट, चष्मा आणि हातमोजे पुतण्याने पहिल्याच दिवशी आणले. ते वापरायला लावणे हे मात्र रोजचे काम आहे.

पाणी कुठले आणि जाणार कुठे?

गावात लोक पिण्याच्या पाण्यासाठी ताटकळत असताना नळाचे पाणी फरशीवर ओतणे आमच्या मनाला पटणारे नव्हते. महापालिका कांचनवाडीला सांडपाणी शुद्ध करते. ते का वापरू नये, असे एकाने सुचवले. झाडांना ते उत्तम. पण झोताचे बारीक तुषार धुणाऱ्याच्या छातीत जातात, म्हणून त्या पाण्याचा मोह टाळला. राहिले बोअरचे पाणी. आमची जमीन काळ्या बेसाल्ट खडकाची, आणि इथले बोअरचे पाणी बहुधा जड. फरशीला ते चालते. काचेवर वाळले, की पांढरे डाग ठेवते. म्हणून गाडीत पाणी मऊ करणारे एक नळकांडे बसवले. आत राळेचे बारीक मणी असतात. ते थकले, की मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजे करायचे.

पाणी वाचते का? मी अंगणातल्या अर्ध्या इंची नळीखाली वीस लिटरची बादली मांडून घड्याळ लावले. ती पाऊण मिनिटात भरली. म्हणजे साधी नळी मिनिटाला सव्वीस-सत्तावीस लिटर घालवते आणि तेलकट डागाला गुदगुल्या करते. दाबाचा पंप पंधरा लिटरच घेतो आणि डाग काढतो. शिवाय चाप सोडला, की पाणी थांबते. हजार लिटरांत सहासष्ट मिनिटे झोत चालतो. आधी साबण लावून मुरू दिला, तर एवढ्यात बरेच मोठे काम उरकते.

धुऊन झालेले पाणी हा सर्वांत अवघड प्रश्न. कारखान्यातल्या फरशीचे पाणी म्हणजे तेल, साबण आणि लोखंडाचा कीस. ते पावसाच्या गटारात सोडले, तर ओढ्यानाल्यांतून शेवटी नदीलाच मिळणार. ज्या खामच्या काठी पाणचक्की आहे, त्या खामला पुन्हा नदीचे रूप यावे म्हणून महापालिका आणि नागरिक खटपट करताहेत; तिच्या पदरात आपण तेल का टाकावे? आम्ही फरशीवरचे पाणी ओढून घेणारे यंत्र घेतले. जसजशी स्वच्छ पाण्याची एक टाकी रिकामी होते, तसतशी मैल्या पाण्याची तिसरी टाकी भरते. पाणी तेच, फक्त घर बदलते. त्यामुळे वजनाची बेरीजही बिघडत नाही. काम संपले, की ते ज्या कारखान्याचे, त्याच्याच सांडपाणी प्रक्रियेत परत करायचे. ही सोय नसलेल्या ठिकाणचे तेलकट काम घ्यायचे नाही.

कुठे झोत मारू नये

हत्यार हाती आले, की सगळीकडे चालवावेसे वाटते. विजेच्या पेट्या आणि यंत्रांचे बेअरिंग यांच्यावर झोत मारणे म्हणजे धुणे नव्हे, मोडणे आहे. छपरावरच्या सौर तावदानांना मऊ पाणी आणि मऊ ब्रश हवा, तोही सकाळी काच गार असताना. आणि आमच्या गावात तर पावलोपावली जुनी दारे आणि चुन्यात बांधलेले दगड आहेत. बीबी का मकबऱ्याचे रूप बरेचसे चुन्याच्या गिलाव्यावर उभे आहे. अशा गिलाव्यावर दीडशे बार म्हणजे शतकांचा हात एका मिनिटात खरवडणे.

हे बोलणे सोपे. पण दुसऱ्याच महिन्यात एका जुन्या वाड्याची दगडी भिंत धुण्याचे मोठे काम चालून आले. कर्जाचा हप्ता तोंडावर होता. मालकाला दिवाळीपूर्वी भिंत लख्ख हवी होती. पुतण्याने दगडांमधल्या सांध्यावर बोटाने घासून पाहिले. चुना भुकटी होऊन बोटाला लागला. "झोताने धुतली तर दोन पावसाळ्यांत भिंतीत पाणी शिरेल," असे त्याने सांगितले आणि काम सोडले. मालक रागावले. तीन दिवसांनी त्यांनीच फोन करून विचारले, की मग कशाने धुवायची? ती भिंत केसाळ ब्रशने आणि बादलीभर पाण्याने चार दिवसांत साफ झाली. पैसे निम्मे मिळाले, हप्ता घरातून भरला. पण त्याच आळीतली दोन पार्किंगची कामे त्यातूनच आली.

हा धंदा करू पाहणाऱ्या तरुणाला मी एकच सामान आग्रहाने सुचवीन, आणि ते सर्वांत स्वस्त आहे: पंपाच्या आधी बसवायचा पाण्याचा मीटर. आमच्या गाडीत तो आहे. काम संपले, की पुतण्या बिलावर रुपयांच्या वर लिटरचा आकडा लिहितो. दुसऱ्या गावात लोक हसतील. इथे गिऱ्हाईक आधी तोच आकडा वाचते, मान डोलावते, आणि मग खिशात हात घालते.