प्रौढ व्यक्तींतील स्वमग्नतेचे निदान : पद्धती, कायदा आणि ग्रामीण वऱ्हाड

स्वमग्नता हा केवळ बालपणाचा विषय होय, अशी समजूत आपल्याकडे, सुशिक्षित वर्गातही, अद्याप दृढ आहे. वस्तुतः स्वमग्न बालक मोठे होते; त्याची स्वमग्नता मात्र बालपणाबरोबर संपत नाही. ज्यांचे शालेय जीवन ही संज्ञा शिक्षकांच्या व डॉक्टरांच्या कानी पडण्यापूर्वीच उरकले, अशी माणसे आज तीस, चाळीस वा साठ वर्षांची आहेत. त्यांपैकी एखाद्याला आपल्या स्वभावाचा शास्त्रीय उलगडा व्हावा असे वाटले, तर त्याने काय करावे, त्याची परीक्षा कशी होते आणि ती कोठे अडते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणादाखल वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवड हे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. तेथील कोणा एका व्यक्तीचा हा वृत्तान्त नव्हे. सोयाबीन व तूर पिकविणाऱ्या, मोठ्या रुग्णालयांपासून दूर असलेल्या वऱ्हाडी खेड्याचा नमुना, एवढ्याच अर्थाने हे नाव घेतले आहे.

१. संज्ञेचा पूर्वेतिहास

‘ऑटिझम’ हा शब्द १९११ च्या सुमारास स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर ह्यांनी रूढ केला, तो छिन्नमनस्कतेचे एक लक्षण सांगण्यासाठी. पुढे १९४३ मध्ये बाल्टिमोर येथील लिओ कॅनर ह्यांनी अकरा बालकांचे वर्णन प्रसिद्ध करून त्याच शब्दाला निराळा, विकासात्मक अर्थ दिला. १९४४ मध्ये व्हिएन्ना येथे हान्स ॲस्परगर ह्यांनी बोलण्यात तरबेज परंतु व्यवहारात अडखळणाऱ्या मुलांचे वर्णन केले. ते जर्मन भाषेत असल्यामुळे बराच काळ दुर्लक्षित राहिले. १९८१ मध्ये लोर्ना विंग ह्यांच्या लेखाने इंग्रजी वाचणाऱ्या जगाचे लक्ष त्याकडे वेधले, आणि स्वमग्नता ही एकाच तीव्रतेची अवस्था नसून तिचा एक विस्तृत पट आहे, हा विचार रुजू लागला.

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत मिळाले, तेही ‘शैशवकालीन’ ह्या विशेषणासह. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने सर्व उपप्रकार एकत्र केले. त्या आवृत्तीतील एक तरतूद प्रौढांच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. लक्षणे बालपणापासून असली पाहिजेत. परंतु सामाजिक अपेक्षा व्यक्तीच्या क्षमतेबाहेर जाईपर्यंत ती पूर्णपणे प्रकट होतीलच असे नाही, किंवा कष्टाने शिकलेल्या वर्तनामागे ती झाकलीही जातात, असे तीत मान्य केले आहे. ध्वनी, स्पर्श, प्रकाश इत्यादींविषयीच्या असाधारण संवेदनशीलतेलाही तीत स्थान मिळाले. तसेच स्वमग्नता आणि अवधान-अस्थिरता (ए.डी.एच.डी.) ही दोन निदाने एकाच व्यक्तीच्या बाबतीत करण्यास पूर्वी असलेली मनाई उठली. जागतिक आरोग्य संघटनेचे २०२२ पासून लागू झालेले अकरावे रोगवर्गीकरणही ह्याच दिशेचे आहे.

२. निदान म्हणजे पूर्ववृत्ताचा शोध

स्वमग्नतेचे निदान रक्ताच्या तपासणीने वा मेंदूच्या छायाचित्राने होत नाही. ते वर्तनाच्या निरीक्षणाने आणि पूर्ववृत्ताच्या चौकशीने होते. बालकाच्या बाबतीत विकासाचा क्रम परीक्षकाच्या डोळ्यांसमोर घडत असतो. प्रौढाच्या बाबतीत तो तीस-चाळीस वर्षे मागे पडलेला असतो व साक्षीदारांच्या आठवणींतून पुन्हा रचावा लागतो. बोलणे केव्हा सुरू झाले, इतर मुलांत खेळ कसा असे, ठरलेल्या क्रमात बदल झाला तर काय होई, एखाद्या विषयाचा ध्यास कितपत होता, कपड्याचा स्पर्श, अन्नाची चव किंवा मोठा आवाज सहन होई काय, हे सर्व आई, वडील भावंडे, जुने शिक्षक ह्यांच्याकडून जाणून घ्यावयाचे असते. प्रौढाचे निदान हे ह्या अर्थी इतिहाससंशोधनाच्या जातीचे काम आहे.

येथे ग्रामीण जीवनाची एक मोलाची बाजू दिसते. शहरात बालपणाचे साक्षीदार विखुरलेले असतात. खेड्यात ते बहुधा त्याच गल्लीत राहतात. एककल्ली, घुमा, तिरसट, भैताड अशी विशेषणे गाव सहज लावते. ती स्वभावाचा निवाडा करतात, वर्तनाचे वर्णन करीत नाहीत. म्हणून परीक्षकाला ती जशीच्या तशी उपयोगी नाहीत. परंतु त्यांच्या जोडीने गाव आणखी एक वाक्य बोलते : ‘तो मूळचाच तसा आहे.’ हे वाक्य निदानाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे होय. ‘आधी चांगला होता, विसाव्या वर्षी बदलला,’ असे आई सांगत असेल, तर विचार छिन्नमनस्कता, विषण्णता किंवा अन्य विकाराकडे वळला पाहिजे. ‘पाळण्यात असल्यापासून असाच,’ असे ती सांगत असेल, तर विकासात्मक अवस्थेचा विचार अवश्य करावयास हवा. एकटे राहणे, तुटक बोलणे, चेहऱ्यावर भाव न दिसणे ही वरकरणी लक्षणे दोहोंत सारखी दिसू शकतात. भेद काळाचा असतो, आणि तो काळ साक्षीदारालाच ठाऊक असतो. हा प्रश्न न विचारल्यामुळे जन्मजात स्वमग्न असलेल्या व्यक्तीला वर्षानुवर्षे दुसऱ्याच विकारावरील औषधे घ्यावी लागतात. ह्या चौकशीत खरोखर पणाला लागलेली गोष्ट ती हीच.

अर्थात, ‘मूळचाच तसा’ हे निदान नव्हे. बहिरेपणा, बौद्धिक अक्षमता, समाजभय, बालपणीचा आघात ह्यांचाही विचार त्याबरोबर झाला पाहिजे. शिवाय अनेक प्रौढ स्वमग्न व्यक्तींना चिंता व विषण्णता ह्यांचाही त्रास असतो. एकाच्या निदानाने दुसऱ्याचे निरसन होत नाही.

३. साधने व त्यांच्या मर्यादा

प्रौढांसाठी जी साधने वापरली जातात, त्यांत सायमन बॅरन-कोहेन व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये केंब्रिज येथून प्रसिद्ध केलेली पन्नास विधानांची प्रश्नावली सर्वांत परिचित आहे. तीत ३२ वा अधिक गुण मिळाल्यास पुढील तपासणी करावी, असा संकेत आहे. ही चाळणी आहे, निदान नव्हे, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. शिवाय मेजवानीपेक्षा ग्रंथालय बरे वाटते काय, नाट्यगृह आवडते की वस्तुसंग्रहालय, अशा आशयाची विधाने तीत आहेत. ज्या गावी ह्या संस्थाच नाहीत, तेथील शेतकऱ्याने त्यांना काय उत्तर द्यावे? प्रत्यक्ष निरीक्षणासाठी ‘एडॉस’ हे प्रमाणित साधन असून त्याचा चौथा भाग अस्खलित बोलणाऱ्या किशोरांसाठी व प्रौढांसाठी आहे. परंतु त्यासाठी विशेष प्रशिक्षण लागते.

साधनांहून कठीण प्रश्न सामाजिक संकेतांचा आहे. नजरेला नजर न देणे हे पाश्चात्त्य पुस्तकांत लक्षण ठरते. आपल्याकडे सासऱ्यासमोर सुनेने नजर खाली ठेवणे हा शिष्टाचार समजला जातो. मितभाषी मुलीची प्रशंसा होते, आणि तिच्या मौनामागील अडचण कोणाच्या ध्यानात येत नाही. लग्न वडीलधारी मंडळी जमवितात, त्यामुळे स्वतः होऊन परिचय वाढविण्याची परीक्षा तरुणाला द्यावीच लागत नाही. अडचण प्रकट होते ती लग्नानंतर. उलट, वरातीतील ध्वनिवर्धकाचा गोंगाट असह्य होऊन जो घरात जाऊन बसतो, त्याला गर्विष्ठ म्हटले जाते. परीक्षकाने वर्तन मोजावे ते त्या गावच्या रूढीशी ताडून.

४. वैद्यकीय निदान आणि कायदेशीर प्रमाणपत्र

ह्या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात स्वमग्नतेचा अंतर्भाव झाला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली व त्यांत स्वमग्नतेसह विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचाही समावेश केला. अवधान-अस्थिरतेला मात्र त्या यादीत स्वतंत्र स्थान नाही. शासकीय नोकरीतील राखीव जागांसारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व आवश्यक आहे.

हे प्रमाण ठरविण्यासाठी ‘इसा’ ह्या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी भारतीय मापनश्रेणी वापरतात. तीत सहा विभागांत चाळीस बाबी असून प्रत्येकीस एक ते पाच गुण दिले जातात. म्हणजे किमान गुण ४० व कमाल २००. सत्तरांखाली स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र, असे तिचे टप्पे आहेत. आता असे समजा की एखादा चाळिशीतील गृहस्थ शिक्षक आहे. तो बोलतो, कमावतो, संसार करतो. त्याच्या अडचणी खऱ्या आहेत, परंतु त्यांवर मात करण्याच्या युक्त्या त्याने जन्मभर शिकून घेतल्या आहेत. तज्ज्ञाच्या सविस्तर परीक्षेत तो स्वमग्न ठरू शकेल आणि ह्या मापनश्रेणीवर सत्तरांखाली राहू शकेल. अशा वेळी ‘मंडळाने नाकारले, म्हणजे मला काही झालेलेच नाही,’ असा अर्थ तो काढतो. हा अर्थ चुकीचा आहे. प्रमाणपत्र हे लाभाच्या पात्रतेचे माप आहे. स्वतःला समजून घेण्याचा प्रश्न त्याने निकालात निघत नाही.

५. केनवडहून निघालेला मनुष्य

केनवडच्या माणसाची वाट रिसोड, वाशीम, अकोला आणि क्वचित नागपूर अशी लांबत जाते. वाशीम हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा. अकोल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपुरास प्रादेशिक मनोरुग्णालय. प्रौढाची परीक्षा एका बैठकीत क्वचितच पुरी होते. प्रत्येक फेरीत त्याची मजुरी बुडते, आणि साक्षीदार म्हणून जी वृद्ध आई हवी, तिला प्रवास झेपत नाही. म्हणून पूर्ववृत्त आधी गावातच नोंदवून घ्यावे. शाळेचे जुने दाखले, प्रगतिपुस्तके, शिक्षकांच्या आठवणी जमवाव्यात. आणि आईची मुलाखत शक्य तर दूरध्वनीवर घ्यावी. २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांमुळे डॉक्टरांना दुरून सल्ला देण्यास मान्य चौकट मिळाली आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्राथमिक मार्गदर्शनास उपयोगी आहे. निदान मात्र तेथे होत नाही.

इतके करून हाती काय येते? स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांवर औषध नाही. तरी चुकीचे उपचार थांबू शकतात, सोबतच्या विकारांवर योग्य उपचार होतात, कामाची रचना बदलता येते, आणि ‘मुद्दाम असे वागतो’ हा घरातील आरोप सौम्य होतो. धोकाही सांगितला पाहिजे : लग्नाच्या बोलण्यांत वा भाऊबंदकीत निदानाचा दुरुपयोग होऊ शकतो. म्हणून निदान कोणाला सांगावे, हा निर्णय त्या व्यक्तीचाच राहिला पाहिजे.

कॅनर ह्यांच्या अकरा बालकांतील पहिला, डॉनल्ड ट्रिप्लेट, ह्याचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. लहानपणी काही काळ तो एका शेतकरी दांपत्याकडे राहिला. १९४५ मध्ये कॅनर तेथे गेले, तेव्हा त्यांना दिसले ते असे : मोजण्याचा त्याचा ध्यास ओळखून त्या दांपत्याने त्याला विहीर खणून तिची खोली सांगावयास लावले होते, मक्याच्या ओळी तो पुनःपुन्हा मोजतो हे पाहून नांगरताना त्या मोजण्याचे काम दिले होते. पुढे तो मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट ह्या आपल्या छोट्या गावी बँकेत नोकरी करीत राहिला व २०२३ मध्ये, ८९ व्या वर्षी वारला. कॅनर ह्यांनी १९७१ मध्ये त्या अकरा जणांचा पुन्हा मागोवा घेतला. त्यांत ज्यांची रवानगी मोठ्या संस्थांत झाली होती, त्यांची अवस्था शोचनीय आढळली. अर्थात, डॉनल्डचे घराणे सधन होते, हेही विसरता येत नाही. तथापि, ओळखीच्या माणसांत स्वतःच्या रीतीने राहण्यास त्याला जागा मिळाली, ही गोष्ट आपल्या खेड्यांनाही अपरिचित नाही.

आपल्या विषयाच्या विद्यार्थ्यांना ह्या क्षेत्रात करण्याजोगे काम पुष्कळ आहे. पूर्ववृत्ताच्या मुलाखतीसाठी वऱ्हाडी बोलीतील प्रश्नसंच तयार करणे, आईला सहज कळेल अशा शब्दांत विकासाचे टप्पे विचारणे, आणि परकीय प्रश्नावल्यांतील विधाने ग्रामीण जीवनाशी पडताळून पाहणे, ही त्यांतील पहिली तीन होत. ह्यांपैकी कोणत्याही कामास महाग उपकरण लागत नाही. लागतो तो गावात बसून ऐकण्याचा वेळ.