तारापूरची औष्णिक प्रतिमा आणि तिथीचा आडाखा

समुद्राच्या पाण्यास स्पर्शही न करता त्याचे तापमान मोजता येते, हे दूरसंवेदनाचे मोठेच सामर्थ्य होय. तथापि मोजमाप कोणत्या घटकेस झाले याचा विचार न केल्यास अचूक आकडाही दिशाभूल करतो. पालघर जिल्ह्यातील तारापूरचा किनारा हे याचे बोलके उदाहरण आहे.

येथील अणुविद्युत् केंद्र १९६९ साली सुरू झाले. २००५-०६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्यांची त्यात भर पडली. वाफेचे पाणी करण्यासाठी घेतलेले समुद्रजल कोमट होऊन समुद्रातच परतते व हलके असल्याने पृष्ठभागावर पसरते. औष्णिक अवरक्त प्रारण पाण्याच्या अत्यंत पातळ वरच्या थरातूनच निघत असल्यामुळे हा पसारा उपग्रहास दिसू शकतो. लँडसॅट-८ (२०१३) व लँडसॅट-९ (२०२१) यांचे औष्णिक मापन सुमारे १०० मीटर इतके सूक्ष्म आहे.

अडचण आहे ती वेळेची. हे उपग्रह येथून दिवसा जातात ते सकाळी अकराच्या सुमारास. तिथीची पाऊणपट केली असता भरतीची वेळ मिळते, हा कोकणातील दर्यावर्दींचा जुना आडाखा. त्यानुसार उधाणाचा जोर असलेल्या द्वितीयेस भरती दीड वाजता पूर्ण होते. म्हणजे अकरा वाजता पाणी चढतच असते. अष्टमीच्या सुमारास त्याच वेळी ओहोटी मिळते खरी, परंतु ती भांगाची, क्षीण.

भरतीचा ओघ येथे स्थूलमानाने उत्तरेस, चिंचणीकडे, आणि ओहोटीचा दक्षिणेस, दांडी-नवापूरकडे असतो. उधाणाच्या ओहोटीतील दक्षिणेकडील पसारा या सकाळच्या प्रतिमांत उमटतच नाही. शेकडो प्रतिमांची सरासरी काढूनही हा दोष जात नाही, कारण तो यादृच्छिक नसून व्यवस्थाबद्ध आहे.

यावर उपाय म्हणजे उधाणाच्या दिवशी, ओहोटीची वेळ निवडून केलेले विमानातील औष्णिक सर्वेक्षण व त्याच वेळी होडीतून घेतलेली तापमाने. आणखी एक सावधगिरी हवी. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नवापूरकडे समुद्रात जाते. त्यातील रसायने तापमानावरून ओळखता येत नाहीत. औष्णिक प्रतिमेत पाणी थंड दिसले म्हणून ते निर्मळ ठरत नाही. ज्यांचा चरितार्थ मासेमारीवर आहे, त्यांच्या तक्रारीचा निवाडा केवळ सकाळी अकराच्या चित्रावर करणे शास्त्रास धरून होणार नाही.