कारखाना विकला, तर कोण विचारतं?

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल आणि रसायनं बनवणारे कारखाने दाटीवाटीने उभे आहेत. यातला एखादा दुसऱ्याने विकत घेतला, तर दिल्लीच्या भारतीय स्पर्धा आयोगाला बहुधा विचारावंही लागत नाही. विकल्या जाणाऱ्या कंपनीची देशातली मालमत्ता 450 कोटींच्या किंवा उलाढाल 1250 कोटींच्या आत असली की साधारणपणे सूट मिळते. अपवाद 2000 कोटींवरच्या सौद्यांचा. 2024पासून त्यांचं मोल स्वतंत्रपणे पाहिलं जातं.

माझ्या मते ही सूट योग्य आहे, पण तिचं माप अपुरं आहे. 2014 साली सन फार्मा आणि रॅनबॅक्सीच्या विलीनीकरणात आयोगाने कंपन्यांचा आकार मोजून काम भागवलं नाही. कोणत्या औषधात दोघांचा हिस्सा एकत्र येतो, हे एकेक करून तपासलं आणि सात औषधं विकण्याच्या अटीवर परवानगी दिली; ती पुण्याच्या एम्क्युअरने घेतली. ही नजर लहान सौद्यांवर पडत नाही. एखादं रसायन देशात तीन-चारच जण बनवत असतील, तर त्यातला लहानसा कारखाना गिळला तरी भाव हलू शकतो. यावर उद्योजक म्हणतील, थकलेल्या मालकाला कारखाना विकताही येऊ नये का? जरूर यावा. प्रत्येक सौदा अडवायची गरजच नाही. मोजक्या उत्पादकांच्या मालापुरती साधी नोंद सक्तीची केली तरी पुरे. या वसाहतीतून नवापूरच्या समुद्रात जाणाऱ्या सांडपाण्याला आळा बसेल, अशी आशा मात्र स्पर्धा कायद्याकडून धरू नये. ते काम प्रदूषण नियंत्रण मंडळाचं.