नवजात शिशूंच्या वेदनांचे औषधाविना शमन

नवजात शिशूची मज्जासंस्था अपरिपक्व असल्याने त्यास वेदना जाणवत नाहीत, असा समज वैद्यकशास्त्रात दीर्घकाळ रूढ होता. परिणामी अनेक शिशूंवर पुरेशा भुलीविना शस्त्रक्रिया होत. आनंद व हिकी यांच्या १९८७ मधील शोधनिबंधाने या समजास हादरा दिला. वेदना वाहून नेणारे मज्जामार्ग जन्मापूर्वीच कार्यरत होतात. वेदनेस आवर घालणारी यंत्रणा मात्र जन्मसमयी अपुरी असते.

टाचेतून रक्त घेणे, लस टोचणे यांसारख्या अल्पकालीन प्रक्रियांच्या वेळी पुढील उपाय परिणामकारक ठरतात :

१) स्तनपान : प्रक्रियेपूर्वी सुरू करून ती संपेपर्यंत चालू ठेवावे. स्पर्श, ऊब, चोखणे व चव यांचा लाभ एकत्रितपणे मिळतो.

२) त्वचास्पर्श : शिशूस मातेच्या उघड्या छातीशी धरणे. बोगोटा येथे १९७८ मध्ये सुरू झालेल्या ‘कांगारू मदर केअर’चा हाच गाभा होय.

३) हातपाय दुमडून धरणे : गर्भाशयातील स्थितीप्रमाणे शिशूस दोन्ही हातांनी हळुवार आधार देणे.

४) शर्करा-द्रावण : सुमारे दोन मिनिटे आधी, मोजक्या थेंबांत जिभेवर देणे. हे रुग्णालयातच द्यावे. घरगुती साखरपाणी त्यास पर्याय नव्हे.

शस्त्रक्रियेसाठी हे उपाय अपुरे असून तेथे भूल अनिवार्यच आहे. तसेच अतिशय अशक्त, अकाली जन्मलेले शिशू वेदना होत असूनही रडेलच असे नाही. म्हणूनच वेदनाशमन रडण्यावर अवलंबून न ठेवता प्रत्येक प्रक्रियेचे नियमित अंग मानले जाणे आवश्यक आहे.