हेक्टरची बाजू

मराठीत होमरवरचा लेख अकिलीसपासून सुरू होतो आणि दुसऱ्या पानावर कर्णापाशी येऊन बसतो. १९६७ साली कर्णावरची ‘मृत्युंजय’ कादंबरी आली, तेव्हापासून आपल्याला प्रत्येक परदेशी वीराला कवचकुंडलं चढवायची हौस आहे. अकिलीसची ती दुबळी टाच आणि कर्णाचं ते कवच यांची सांगड घालून काही मंडळींनी व्याख्यानमाला गाजवल्या. आता ‘इलियड’मध्ये ती टाच नाहीच, त्याला काय करायचं? एकविसाव्या सर्गात अस्टेरोपिअसचा भाला अकिलीसच्या हाताला चाटून जातो आणि चांगलं रक्त येतं. त्याला स्टिक्स नदीत बुडवल्याची गोष्ट सांगतो तो रोमन कवी स्टेशियस, इसवी सनाच्या पहिल्या शतकातला. पण टाचेला टाळी हमखास पडते.

अकिलीस थोर आहेच. ब्रिसेइसला नेल्यावर तो रुसतो, पॅट्रोक्लस पडल्यावर उठतो. हे सगळ्यांना पाठ आहे. ओडिसियसची चतुराईही पाठ. अपोलोनियसचा जेसन मला कधी भावला नाही. मीडिया नसती तर त्याची लोकर कोल्किसमध्येच राहिली असती. त्याला नमस्कार करून पुढे जाऊ.

माझा वीर ट्रॉयचा हेक्टर. सहाव्या सर्गात तो रणांगणातून शहरात येतो आणि वेशीपाशी बायको अँड्रोमाकी त्याला गाठते. तिचा बाप आणि सातही भाऊ अकिलीसने मारलेले. ती रडते, हे सगळे सांगतात. ती त्याला युद्धाचा सल्लाही देते, हे फारसं कुणी सांगत नाही. रानअंजिराच्या झाडाजवळ तट कच्चा आहे, फौज तिथे उभी कर, असं ती म्हणते. ट्रॉय पडणार हे हेक्टर जाणून आहे. तरी मागे राहिलो तर गावातल्या बायामाणसांना तोंड कसं दाखवू, ही त्याची अडचण. शिरस्त्राणाच्या तुऱ्याला पोर भितं, तेव्हा तो हसून ते उतरवून खाली ठेवतो. अकिलीसपाठी देवी असलेली आई आहे, ओडिसियसपाठी अथीना. हेक्टरपाठी गाव आहे, आणि गाव विचारणार आहे.

विचारण्यासारखं तो करतोही. अठराव्या सर्गात त्याचा साथी पोलिडामस सांगतो, रातोरात तटाच्या आत जाऊ. हेक्टर त्याला झिडकारतो, फौज वाहवा करते. बाविसाव्यात फौज मार खाऊन आत पळालेली आणि हा एकटा बाहेर. म्हातारे आईबाप तटावरून विनवत असतात. आत गेलो तर पहिला बोल पोलिडामसच लावेल, हे त्याच्या मनात येतं. हेलन परत देऊन तह करावा, असंही येतं. मग अकिलीस जवळ येतो आणि हेक्टर पळतो. ट्रॉयला तीन फेऱ्या. शांततेच्या दिवसांत बाया जिथे धुणं धुवायच्या त्या झऱ्यांवरून.

पळाला तो वीर कसला, असं एका परिसंवादात मला ऐकवण्यात आलं होतं. मी म्हणतो, ज्याला पळताना सगळं गाव तटावरून बघतंय आणि तरीही शेवटी जो थांबून वळतो, त्याचंच मोल मोठं. थांबतो तोही फसून. भाऊ डेइफोबस सोबत आहे असं अथीनाने भासवलेलं असतं. ते कळल्यावरही तो तलवार उपसतो. आणि काव्य संपतं ते लाकडी घोड्याने नव्हे, याच हरलेल्याच्या अंत्यविधीने.

आजच्या नायकाला कुणी विचारत नाही, हे माझं जुनं रडगाणं. २००४ च्या ‘ट्रॉय’ चित्रपटात दहा वर्षांचं युद्ध दिवसांवर आणलं, देव काढले. एक वेळ चालेल. पण हेक्टरचं पळणंच गाळलं! तो सरळ वेशीबाहेर येऊन द्वंद्व खेळतो. आता तर महानायक मरतात आणि पुढच्या भागात परत येतात. त्यांच्या आईबापांनी तटावर उभं राहायचं कशाला?

होमर आज कुणी नीट वाचला असेल तर जोनाथन शे या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने. बॉस्टनमध्ये व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना त्याला त्यांच्या बोलण्यात अकिलीस सापडला: वरिष्ठाने केलेला दगा, जिवलगाचा मृत्यू, मग माणूसपण सोडून केलेली कत्तल. १९९४ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. मी ते आमच्या मंडळींपुढे मांडलं, तेव्हा हे वैद्यकशास्त्र झालं, साहित्य नव्हे, असा निर्णय मिळाला. पुढचं व्याख्यान पुन्हा टाचेवरच होतं.