पेट्रोल कुठं अडलंय?

"चढाला बंद पडते का सपाटीला?"

मेकॅनिकचा पहिला प्रश्न. हातात पान्हा नाही, नजर गाडीवरही नाही. तो बघतोय काकांच्या तोंडाकडे. खोपोलीचा ऑगस्टमधला पाऊस पत्र्यावर असा वाजतोय की दोघांनाही मोठ्यानं बोलावं लागतंय. काका खालापूर तालुक्यातल्या एका वाडीतले. गाडी शंभर सीसीची, जुनी, कार्बोरेटरवाली. मागे दोन्ही अंगांना काकडी आणि शिराळ्यांची पोती बांधलेली. पावसाळाभर हा माल ते घाट चढवून लोणावळ्याला नेतात. आज अर्ध्या घाटातून परत फिरलेत.

"सपाटीला काय नाय तिला. चौकला जा, कर्जतला जा, पळते. शिंग्रोबाच्या देवळाखाली चढ लागला का दम तोडते."

"झटक्यात बंद, का गचके देत देत?"

"गचके देत. रेस पिळली का आणखीनच बसते."

"मग चालू कशी होते?"

"होते की. बिडी ओढून होईस्तोवर थांबायचं. एका किकला चालू. परत दोन वळणं गेली का तेच."

मेकॅनिक मान हलवतो. निम्मं निदान इथंच झालंय, असं मला बाकावर बसल्या बसल्या जाणवतं. करंटचा घोळ असला तर गाडी बहुधा चावी काढल्यासारखी एकदम गप्प होते. गचके देत, रडत बसते ती उपाशी गाडी. आणि थोडं थांबल्यावर आपोआप बरी होते, म्हणजे पेट्रोल येतंय, पण हळू येतंय. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत मावतं चहाच्या अर्ध्या कपाहून कमी. सपाटीला इंजिनाची भूक लहान, बारीक धारेवरही भागतं. चढाला, पोत्यांचं वजन घेऊन, रेस पूर्ण उघडली की वाटीत येतं त्यापेक्षा जास्त ओढलं जातं आणि एक-दोन मिनिटांत वाटी कोरडी पडते. बिडी संपेपर्यंत ती परत भरते.

काकांनी गेल्या महिन्यात कार्बोरेटर साफ करून घेतलाय, पंधरवड्यानं पुन्हा एकदा. प्लग नवा टाकलाय. तरी त्यांचं म्हणणं तेच, कार्बोरेटर खोला.

"त्याला काय धाड भरलीय?" मेकॅनिक म्हणतो. "त्याच्यापर्यंत पेट्रोल पोचतंय का ते बघू आधी."

तो प्लग काढतो, तळव्यावर घेऊन दारातल्या उजेडात धरतो. टोकाची चिनीमाती पांढरीफटक. पेट्रोल जास्त झालं असतं तर काजळी धरली असती, ओला असता तर वास आला असता. पांढरा म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. "चोक ओढून बघितलात चढावर?" काका म्हणतात, चोक दिला की थोडी पुढं जाते. तेही जुळतं: चोक हवा अडवतो, उरल्यासुरल्या पेट्रोलचं प्रमाण वाढतं, म्हणून गाडी थोडी तग धरते.

पाऊस जरा उतरतो. समोरच्या डोंगरावरचा ढग वर सरकतो आणि टाटांच्या वीजकेंद्राचे पाईप दिसायला लागतात. 1915 पासून वरच्या तलावांचं पाणी पाचशे मीटरहून जास्त खाली उतरून इथं जनित्रं फिरवतंय. या गाडीचं पेट्रोलही तसंच, वरून खाली, स्वतःच्या वजनानं येतं. फक्त ही उंची वीतभर. टाकीच्या तळापासून कार्बोरेटरपर्यंत जेमतेम तेवढंच अंतर, आणि सगळा जोर तेवढाच. मधे पंप नाही. म्हणून या वाटेवर कुठंही, कितीही लहान अडथळा आला तरी त्याचा हिशेब इंजिनाला द्यावा लागतो.

1 एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे बीएस-6 नियम आले, त्यानंतरच्या बहुतेक नव्या मोटरसायकलींत टाकीतच पंप असतो, पेट्रोल दाबानं फवारलं जातं, आणि बिघाड शोधायला स्कॅनर जोडतात. पण वाड्यावस्त्यांवर अजून कार्बोरेटरच्या गाड्या खूप आहेत. कर्जतपासून खोपोलीपर्यंत दूध, भाजी, कामगार, शाळेची पोरं त्यांच्यावरच फिरतात. त्यांचा स्कॅनर म्हणजे हा माणूस आणि त्याच्या पोऱ्याच्या हातातली पाण्याची रिकामी बाटली.

बाटली पोऱ्या कार्बोरेटरखाली धरतो. काका खिशातून बिडी काढतात, मेकॅनिक "लांब, लांब!" म्हणून त्यांना रस्त्यापलीकडच्या टपरीकडे पिटाळतो. कॉक चालू करतो आणि वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू ढिला करतो. धार लागते. सुतळीएवढी, सरळ, चांगली. मी म्हणणार असतो की पेट्रोल तर येतंय, एवढ्यात धार बारीक होते. दोऱ्याएवढी. मग तुटते. मग थेंब. बाटलीचा तळ कसाबसा भरलाय आणि टाकी तर अर्धी भरलेली आहे.

"आता बघा," तो म्हणतो आणि चावी लावून टाकीचं झाकण उघडतो.

फुस्स. आवाज बाहेर येणाऱ्या हवेचा नाही, आत शिरणाऱ्या हवेचा आहे. आणि खाली बाटलीत लगेच धार सुरू.

टाकीतून पेट्रोल गेलं की तेवढी हवा आत यायला हवी. त्यासाठी झाकणात बारीक भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल उतरेल तशी आत पोकळी तयार होते आणि ती पेट्रोलला मागं ओढून धरते. वीतभर उंचीचा जोर मोडायला मोठी पोकळी लागत नाही. आतला दाब बाहेरच्यापेक्षा दोन टक्क्यांनी उतरला तरी धार थांबते. अर्ध्या टाकीत एवढी पोकळी व्हायला पेट्रोल जायला लागतं फार तर अर्धा पेला. मग कुठूनतरी फटीतून हवा हळूहळू झिरपते आणि गाडी पुन्हा चालू होते. काकांच्या बिडीचा वेळ तो हाच.

मेकॅनिक झाकण उलटं करतो. रबराच्या चकतीखाली दुधाच्या पिशवीचा गोल कापलेला तुकडा नीट बसवलेला. कात्रीनं कापलाय, कडा एकसारखी.

काका टपरीवरून परत आलेत. "मीच लावलाय. जुलैत टाकीत पाणी गेलं होतं. चावीच्या भोकातनं जातं. मग लावला."

आता गोष्ट सुरुवातीपासून कळते. जुलैत पाणी शिरलं, गाडी बंद पडली. कार्बोरेटर साफ केला, गाडी चालू झाली. पुन्हा पाणी जाऊ नये म्हणून काकांनी पिशवी लावली, आणि पाण्यासोबत हवेचीही वाट बंद झाली. नंतर दुसऱ्यांदा कार्बोरेटर साफ झाला तेव्हा त्यात काही दोष नव्हताच. दोष वीतभर वर होता आणि तिकडे कोणी बघितलं नाही. हात तिथंच जातो जिथं मागच्या वेळी उत्तर सापडलं होतं. गाड्यांच्या दुरुस्तीत वेळ आणि पैसा सगळ्यात जास्त इथं वाया जातो, असं माझं ठाम मत आहे.

मला वाटतं काम संपलं. काका पोत्यांच्या दोऱ्या तपासायला लागतात, त्यांनाही तसंच वाटतंय. मेकॅनिक मात्र अजून धारेकडे बघतोय. झाकण उघडं आहे, पोकळी गेली, तरी धार सुरुवातीच्या सुतळीएवढी नाही. तो कॉक रिझर्व्हला फिरवतो. धार आणखी बारीक होते आणि रंग गढूळतो. बाटली ट्यूबलाइटसमोर धरतो. वर पिवळसर स्वच्छ पेट्रोल, खाली वेगळा थर, मधली रेघ स्पष्ट. थरात तपकिरी कण तरंगत खाली बसतायत.

खालचा थर नुसत्या पाण्याचा नाही. आता पंपावर मिळतं ते वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल. इथेनॉल पाणी शोषतं. थोडं पाणी असलं तर पेट्रोलमध्ये मिसळून इंजिनातून जळून जातं, कळतही नाही. पण पाणी मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला जातं. असा थर टाकीच्या तळाशी बसला की पत्रा आतून गंजतो. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला हे दुखणं लागायला वेळ लागत नाही.

सीट निघते, मागचा बोल्ट निघतो, टाकी उचलून बाहेर येते. पेट्रोल फडक्यातून डब्यात. फडक्यावर गंजाची पूड राहते, ओल्या तपकिरीसारखी. मग तो टाकीतून कॉक सोडवतो आणि मला हातात देतो. कॉकवर दोन नळ्या, एक उंच, एक आखूड, दोन्हीभोवती बारीक जाळी. नेहमीचं पेट्रोल उंच नळीतून येतं. पातळी तिच्याखाली गेली की गाडी गचकते, तेव्हा रिझर्व्हला लावायचं, म्हणजे आखूड नळी सुरू. पाणी आणि गंज तळाला, म्हणून रिझर्व्हला धार जास्त खराब. जाळीचा खालचा भाग गंजानं इतका लिंपलाय की नखानं खरवडल्याशिवाय छिद्रं दिसत नाहीत.

पोऱ्या जाळी पेट्रोलमध्ये बुडवून जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासतो. टाकी थोड्या पेट्रोलनं खळबळली जाते, पुन्हा, आणखी एकदा, फडक्यावर पूड येईनाशी होईपर्यंत. गंजाचे कण पाइपातून पुढं गेलेच असणार, म्हणून शेवटी कार्बोरेटरची वाटी उघडते. तीही आता, कारण असल्यावर. फ्लोटची पिन तो अंगठ्याच्या नखावर फिरवून बघतो. टोकाला घळ पडली असती तर वाटी भरूनही पेट्रोल बाहेर वाहिलं असतं. टोक गुळगुळीत आहे. मेन जेट काढून डोळ्यापुढं धरतो. भोक एक मिलिमीटरहूनही बारीक. पोऱ्या तार पुढं करतो, त्याबरोबर त्याच्या हातावर चापट बसते.

"तार नाय. हवा मार. भोक वाढलं तर जेट बाद."

जेटवर कोरलेला आकडा म्हणजे त्या भोकाचं माप. पितळ मऊ, तार घातली की माप बिघडतं आणि गाडी कायमची पेट्रोल पिते. कंप्रेसरची हवा एका बाजूनं शिरते आणि दुसऱ्या बाजूला धरलेल्या बोटावर लागते. तेवढं पुरतं.

टाकी चढते. झाकणाचं भोक सुईनं मोकळं होतं, रबराची चकती नवी बसते, पिशवीचा तुकडा कचऱ्यात. पुन्हा बाटली, पुन्हा ड्रेन स्क्रू, या वेळी झाकण बंद ठेवून. धार लागते आणि बाटली गळ्यापर्यंत भरते. मधे एकदाही बारीक होत नाही.

"पोती काढू का?" काका विचारतात. गाडी घाटात नेऊन बघायचीय.

"अजाबात नाय. रिकामी गाडी सपाटीला पळतच होती."

काका पोत्यांसकट पुढं, मेकॅनिक मला मागे बसवून त्यांच्या पाठोपाठ. खोपोली सुटते, वळणं सुरू होतात, उजव्या-डाव्या हाताला पाणी उड्या मारत रस्त्यावर येतंय. याच बोरघाटातली रेल्वे 1863 साली सुरू झाली. 37 फुटांना एक फूट चढ, म्हणून अजूनही कर्जतला बऱ्याच गाड्यांना ढकलायला मागून इंजिनं लागतात. काकांच्या गाडीला मागून कोणी नाही. तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर, रेस उघडी, आवाज भरलेला. मेकॅनिक पुढं वाकून तो आवाजच ऐकतोय, रस्ता सवयीनं कापला जातोय. ज्या वळणावर सकाळी गाडी बसली होती ते काका हात करून दाखवतात आणि न थांबता वर जातात.

शिंग्रोबाच्या देवळापाशी गाड्या थांबतात. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणतात तो हा शिंग्रोबा. जाणारे-येणारे गाडीतूनच नाणं टाकतात. काकाही टाकतात. मेकॅनिक सांगतो, इंजिन फिरत ठेवू नका, लगेच बंद. भिजू नये म्हणून आडोशाला घेऊन तापलेला प्लग फडक्यानं धरून काढतो. पांढरेपणा जाऊन टोकाला चहासारखा रंग चढायला लागलाय. काकांना दाखवतो, मला दाखवतो, परत बसवतो.

"पण पाण्याचं काय?" काका विचारतात. "पाऊस तर अजून गणपतीच्या पुढं आहे."

मेकॅनिक डिकीतून जुन्या ट्यूबचा तुकडा काढतो आणि चावीच्या भोकावर पाखासारखा पडेल असा बसवून दाखवतो, झाकणाचं हवेचं भोक मोकळं ठेवून. "हा वरून. आतून काय लावायचं नाय. रात्री गाडी पडवीत घ्या, टाकी भरलेली ठेवा. रविवारी ड्रेनचा स्क्रू ढिला करून थोडं बाटलीत काढा. खाली रेघ दिसली तर या."

"आणि नाय दिसली तर?"

"तर काकडी विका."

काका हसतात, किक मारतात. लोणावळ्याचा बाजार अजून उठलेला नाही.